राखण्या आणि गेमिंगचा सेट

आमच्या घरात झोपायच्या जागा ठरलेल्या होत्या. आई आणि मी आतल्या खोलीत, अप्पा अंगणात बाजेवर. उन्हाळ्यात आमचं सगळं सास्तूर गावच अंगणात झोपायचं, त्यात नवल काही नव्हतं. पण अप्पा थंडीतही तिथंच, दोन वाकळा आणि एक घोंगडं घेऊन, आणि पावसाळ्यात बाज सरकवून बैलांच्या शेजारी पत्र्याखाली. त्या गोठ्याला भिंती नव्हत्या, चार मेढी आणि वर पत्रा. "पत्रा पडला तर चापट मारंल, जीव घेनार न्हाय," असं ते म्हणायचे. घरात ते जेवायला यायचे, तेही दाराकडं तोंड करून, भिंतीपासून हातभर सरकून बसायचे. शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे आणि हात बाहेरच्या रांजणावर धुवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच असतात. मावशीकडं सोलापूरला गेले तेव्हा मावशीचे यजमान पंख्याखाली पालथे पडून घोरताना दिसले आणि मला ते फार चमत्कारिक वाटलं.

भूकंपाच्या वेळी मी जन्मले नव्हते. आमचं घर त्यानंतर सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावातलं, सरळ गल्ल्यांमधलं, एकासारखं एक. पाहुणे आले की चुकून शेजारच्या घरात शिरायचे आणि तिथं चहा पिऊनच बाहेर पडायचे. जुन्या गावाच्या जागी वेड्या बाभळी माजलेल्या. गणपती बुडवून गाव झोपलं आणि उजाडायच्या आत सगळं खाली आलं, एवढंच आम्हाला सांगितलं जायचं. दगडमातीची रुंद भिंत आमच्या आजीवर आणि अप्पांच्या धाकट्या बहिणीवर, सुमनआत्यावर पडली. दोघींचा एकही फोटो नाही. अप्पा त्या रात्री गावात नव्हते. ते तेव्हा एका ट्रकवर क्लीनर होते आणि ट्रक नळदुर्गाच्या धाब्यावर उभा होता. त्यानंतर ते पुन्हा कधी ट्रकवर चढले नाहीत, शेतीत राहिले. ह्याच्यापुढं ते बोलायचे नाहीत, आणि मी विचारायला गेले की आई डोळे वटारायची.

आणि घरात राखण्या होता. खिडकीच्या कट्ट्यावर एक तांब्या पालथा घालायचा, त्याच्या बुडावर एक फुलपात्र तोलून ठेवायचं, आणि खाली जमिनीवर पितळी परात. जमीन जरा जरी हलली तरी फुलपात्र परातीत पडणार, खणखणाट होणार, आणि सगळ्यांनी असेल तसं बाहेर पळायचं. आमच्या गल्लीत घरोघरी असा राखण्या असायचा. कुणाची बाटली उलटी, कुणाचा पेला पेल्यावर. मांजरानं पाडलं तरी पळायचं, विचार मागनं करायचा, हा नियम. शाळेतून आल्यावर मला सगळ्यात आधी राखण्या जागेवर आहे का ते बघायची सवय होती. खरं सांगायचं तर ती अजून गेली नाही. आता माझे केस पिकायला लागलेत, शहरात चौथ्या मजल्यावर राहते, आणि खिडकीत तांब्या पालथा आहे. कामाला येणाऱ्या बाईंना वाटतं, हे आमचं काहीतरी देवाचं आहे. त्या त्याला रोज हळदकुंकू लावतात आणि मी लावू देते.

बारावीला मला चांगले मार्क पडले आणि सोलापूरच्या कॉलेजात नंबर लागला. तिथं होस्टेलही मिळत होतं. अप्पा माझ्याबरोबर बघायला आले. हौसेनं आले, नवं धोतर नेसून, आईनं बांधून दिलेले धपाटे पिशवीत घेऊन. होस्टेलच्या फाटकात उभं राहून त्यांनी मान वर केली. इमारत उंच होती आणि माझी खोली तळातली. अप्पांनी बोट वर करून एकेक मजला बघितला, ओठ हलवले, आणि माझ्या हातातली बॅग काढून घेतली.

"चल."

"कुठं?"

"घरी. इतके स्लॅब तुज्या डोस्क्यावर घेऊन तू झोपनार, आन् म्या तिकडं बाजंवर झोपू व्हय?"

मी फाटकातच भांडले. रस्त्यावर भांडले, एसटीत भांडले, लोहाऱ्यापर्यंत भांडत आले. मी तशी भांडकुदळच, आणि त्या दिवशी तर माझं बरोबरच होतं. शेवटी मला उमरग्याच्या कॉलेजात घातलं, रोज जाऊन येऊन. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की मी माझं ताट घेऊन चुलीपाशी जायची. अप्पा रानातून येताना माझ्यासाठी कधी हिरवी बोरं, कधी हुरड्याची कणसं आणायचे आणि न बोलता माझ्या दप्तरावर ठेवायचे. मी हुरडा खायची आणि बोलायची नाही. एवढा राग होता, पण हुरड्यावर काढण्याएवढा नव्हता.

एके दिवशी ते दारात उभे राहिले. "अंजे, दुसरं काय बी माग. हास्टेल सोडून काय बी. न्हाय म्हननार न्हाय."

मावशीच्या पोराकडं सोलापुरात एक कम्प्युटर होता, खेळायचा. दिव्याचा लखलखाट असलेला डबा, मोठा पडदा, आणि त्यात ट्रक चालवायचा खेळ. मी सुट्टीत तिथं गेले की त्याला उठवून स्वतः बसायची. त्या ट्रकनं जायला रस्ते होते, ज्यांना शेवटच नव्हता. लोहारा, माकणी, उमरगा ह्याच्या पलीकडं मला कुणी जाऊ देत नव्हतं, आणि तिथं मी समुद्राच्या कडेनं कुठल्या कुठं जायची. मला तो हवा होता. होस्टेल गेलं, निदान तो तरी.

"गेमिंगचा कम्प्युटर," मी म्हणाले.

"गेमिंग म्हंजी?" अप्पांचा चेहरा उतरला. आमच्याकडं गेम म्हणजे एक तर पारावरचे पत्ते, नाहीतर कुणाचा तरी केलेला घात. "जुगाराचं हाय का त्ये?"

"जुगार नाही, अप्पा. खेळायचा असतो."

मागं आई हातवारे करत होती. अभ्यासाला म्हण, अभ्यासाला! गल्लीतल्या सगळ्या पोरांनी अभ्यासाच्या नावानंच मोबाईल मिळवले होते. पण मी चिडलेली होते आणि चिडलेल्या माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही.

"अभ्यासाला व्हय?" अप्पांनी स्वतःच विचारलं.

"नाही. निस्तं खेळायला."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. आमच्या घरात खेळायला म्हणून कुणी कधी काही मागितलंच नव्हतं. मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं, ते सगळ्या तोंडभर पसरलं. "घिऊ की मग," ते म्हणाले. "ह्या वर्सी सोयाबीन बरं झालंय तर लेकरू खेळू दे." आई म्हणाली, "दोघं बी येडे हायती." पण त्या दिवशी तिनं मला न विचारता चुरमुऱ्यांचा सुशीला केला, शेंगदाणे मुद्दाम जास्त टाकून, आणि मी माझं ताट अप्पांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

सोलापुरातलं दुकान अरुंद होतं, आत थंडगार हवा सोडलेली, आणि भिंतीला लागून काचेच्या बाजूचे डबे उभे. दुकानदार पान खाणारा, बोलका. त्यानं सांगितलं की दोन तऱ्हा आहेत. एकेक भाग निवडायचा, तो जुळवून देणार, म्हणजे हवं तसं होईल. नाहीतर कंपनीनं आधीच तयार करून पाठवलेला सेट, स्वस्तातला, जसा आहे तसा घ्यायचा. मी मावसभावाकडून शिकून आले होते, ग्राफिक कार्ड कुठलं, मेमरी किती. मी म्हणत होते जुळवून घेऊ. अप्पांनी मधेच हात आडवा घातला.

"जुळीवलेलं नगं. येगयेगळे दगूड रचून केल्यालं काय कामाचं? एकसंद द्या."

"काका, हे घर नाही ओ," दुकानदार हसला. "कम्प्युटर आहे की."

"घर न्हाय, पर घरात ठिवायचंय की."

मग अप्पांनी तयार सेटांमधला एक डबा स्वतः पुढं ओढला. दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. दुकानदाराचा पानाचा तोबरा तसाच गालात राहिला. अप्पांनी कान लावून ऐकलं, आत काही सुटं वाजतंय का. काचेवर टिचकी मारली. "ही काच कशापायी? फुटली म्हंजी लेकराच्या पायात जाईल." काचेमागं दिवे दिसतात म्हणून, असं मी सांगितलं. दिवे कशाला, त्यानं काय फास्ट चालतं का, असं त्यांनी विचारलं आणि दुकानदार खरं बोलला. "नाही काका, दिव्यानं काहीच होत नाही. पोरांना आवडतं." अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या दिवे."

"एक सांगा," मग ते हळूच म्हणाले, "भूकंपात टिकंल का ह्ये?"

दुकानदार हसायला लागला आणि हसता हसता थांबला. "कुठले ओ काका तुम्ही?"

"सास्तूर."

त्यानं पान थुंकून टाकलं, खुर्ची पुढं केली आणि पोऱ्याला न सांगता स्वतः जाऊन आमच्यासाठी चहा सांगून आला. मग त्यानं आमच्या हिशोबात बसेल असा एक सेट दाखवला, कार्ड जरा धाकटं, पण ट्रकचा खेळ त्याच्यावर सहज चालेल म्हणाला, आणि खेळ टाकूनही दिला. त्याच्यासोबत त्या दिवसांत स्पीकर फुकट होते, दोन चिमुकले आणि एक जाडजूड लाकडी डबा. मला ते नको होते, माझ्याकडं कानात घालायचं होतं. "फुकट हाय आन् नगं म्हनतीस?" अप्पा म्हणाले आणि तो डबा त्यांनी स्वतःच्या काखेत मारला. पुढं जे रामायण झालं ते त्या काखेतल्या डब्यापायी, हे मी त्यांना आयुष्यभर ऐकवत आले.

एसटीत अप्पांनी खोकं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. अप्पा म्हणाले, वर न्हाय. आमच्या घरात जड वस्तू डोक्यावर ठेवायची नाही, हा दुसरा नियम होता. "मंग ह्याचं हाफ तिकिट काढा," कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली. धपाटे खात, दह्याचा डबा सांभाळत आम्ही निघालो. नळदुर्ग आलं तसे धाबे लागले, बाहेर ओळीनं ट्रक उभे. अप्पांनी हातातला धपाटा तसाच धरला आणि खिडकीतून बघत राहिले. "हितं थांबायचो आमी," एवढंच म्हणाले. मी पुढं ऐकायला कान टवकारले, पण त्यांनी दही मागितलं.

गावात स्टँडवर उतरलो तर शेजारची बैलगाडी अप्पांनी आधीच सांगून ठेवलेली, तळाला कडबा पसरलेला. मोटारसायकलवरून दोन मिनिटांत झालं असतं. "दणके बसतेत," अप्पा म्हणाले. त्यामुळं आमचा सेट नव्या नवरीसारखा वाजतगाजत आला आणि गल्ली गोळा झाली. शेजारच्या गुंडाकाकू सगळ्यांच्या पुढं. काकू म्हणजे आईची मैत्रीण, तोंडानं फटकळ. भूकंपात त्या नव्या सुनबाई होत्या, ढिगाऱ्याखालून त्यांना दुपारी काढलं होतं. त्यांनी खोक्यावरची अक्षरं मला वाचायला लावली आणि जाहीर केलं, "नरसिंगभावजींनी पोरीला जुगाराचं मशीन आनलंय बगा." अप्पा म्हणाले, "व्हय वैनी, या डाव टाकाया."

टेबल जुनं होतं. अप्पांनी सुताराकडून त्याचे पाय कापून घेतले, पार गुडघ्याएवढे केले, म्हणजे टेबलावरून काही पडलं तरी जिवावर बेतू नये. त्यामुळं मी बहुधा जगातली एकमेव असेन जी असले खेळ पाटावर मांडी घालून खेळली. पण काय सांगू तो आनंद! संध्याकाळी लाईट असली की खोलीत निळे-जांभळे दिवे लागायचे, आई भाकऱ्या थापत वाकून बघायची, आणि मी ट्रक घेऊन निघायची. अप्पा अंगणातून ओरडायचे, "कुठवर पोचलीस?" मी कुठलंतरी परदेशी गाव सांगायची. "तिकडं पानी हाय का?" ते विचारायचे. स्पीकरचा लाकडी डबा टेबलावर फार थरथरायचा म्हणून एके दिवशी मी तो उचलला आणि खाली फरशीवर ठेवला, खिडकीखाली. आता हे वाचणाऱ्याला कळलंच असेल पुढं काय झालं. मला कळलं नाही.

दिवेलागणीची वेळ होती. माझा ट्रक घाटात अडकला, मागं ओझं भरपूर, वर चढेना. मी जोर दिला, आणि इंजिन ऐकायला मजा वाटते म्हणून आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. फरशीतून माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या. खिडकीची काच घुमायला लागली. आणि राखण्या पडला. फुलपात्र परातीत असं काही आदळलं की मला शाळेची घंटाच झाल्यासारखं वाटलं.

"भाईर पळाऽऽ!" हा आवाज अप्पांचा. आई पीठ माखल्या हातांनी गेली. पलीकडं कुणीतरी तोच शब्द उचलला, मग त्याच्या पलीकडं, आणि सगळी गल्ली रस्त्यावर. कुणी टॉवेलवर, कुणी तोंडात मंजन घेऊन, कुणी झोपलेलं पोर उलटं धरून. मला उठायचंच सुचेना, कारण मला ठाऊक होतं हे काय आहे आणि ते सांगायला तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात अप्पा आत आले. सगळे आतून बाहेर पळत होते आणि ते बाहेरून आत. पायातली चप्पलही काढली नव्हती. मी घोड्याएवढी पोरगी, पण मला त्यांनी पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि रस्त्यावर नेऊन उतरवलं. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, कुठं लागलंय का ते, आणि परत परत चाचपत राहिले.

मग सगळे गप्प झाले, जमिनीचं ऐकायला. त्या शांततेत आमच्या उघड्या दारातून आवाज येत होता, घुर्रर्र, घुर्रर्र, घुर्रर्र.

"टरक कुठं हाय?" एकजण म्हणाला. गल्लीत ट्रक नव्हता. सगळ्यांच्या माना हळूहळू आमच्या दाराकडं वळल्या. पोरंसोरं आधी हसली. म्हाताऱ्या माणसांना हसू आलं नाही. गुंडाकाकू रस्त्यातच खाली बसल्या होत्या, दोन्ही हात जमिनीला टेकून, आणि उठत नव्हत्या. आईनं त्यांना पाणी पाजायचा प्रयत्न केला तर तोंडातून पाणी बाहेर आलं. मी पुढं होऊन "काकू, माझं चुकलं" म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"भावजी," त्या अप्पांना म्हणाल्या, "त्ये मशीन ह्या गल्लीत ऱ्हायलं तर माजा डोळा लागनार न्हाय. म्या हात जोडते."

"जोडू नगा वैनी. उद्याच्या जीपनं नेऊन परत करतो," अप्पा म्हणाले. "सोता नेतो."

मला काकूंबद्दल वाईट वाटत होतं, आणि तरी मी घरात येऊन जे बोलायचं नव्हतं ते बोलले. होस्टेल घेतलंत, आता हेही घ्या. मला एका डब्यात घालून ठेवा आणि डब्यावर राखण्या ठेवा. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. मग ते बाजेकडं गेले. आई म्हणाली, "म्हनलीस तेवढं बास. जेव आता." अंबाडीची भाजी होती, माझ्या आवडीची, आणि मी ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वायरी गुंडाळत होते. लोहाऱ्याला जाणारी काळी-पिवळी जीप दुपारी आमच्या कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवायची, तिला वेळ होता. अप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात आले आणि उंबऱ्यावर बसले.

"त्यो डबा कसा वाजतोय, दाव एकदा. दुकानदारानं इचारलं तर सांगाया पायजे."

मी मुकाट्यानं वायरी परत जोडल्या. ट्रक तिथंच घाटात उभा होता. इंजिन चालू केलं, आवाज अगदी बारीक ठेवला.

"वाढीव जरा."

मी वाढवला. अप्पा उठून आत आले, डब्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी तळहात फरशीवर टेकवला. मग बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"त्या राती म्या केबिनीत झोपलो हुतो. वस्ताद, म्हंजी डायवर, धाब्यावर, खाटंवर. केबिन हालाया लागलं. मला वाटलं, वस्तादांनी गाडी चालू केली, निगालो आपन. म्या कूस बदलली आन् परत झोपलो." त्यांनी तळहात उचलून बघितला आणि परत टेकवला. "हितं आई आन् सुमी. आन् म्या तितं झोपलो. लई ग्वाड झोप लागली हुती, अंजे."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"तवा भूकंपाला म्या गाडी समजलो," ते म्हणाले, "आन् काल गाडीला भूकंप." आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते खदाखदा हसले, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, उपरण्यानं डोळे पुसत, परत हसत. मीही रडत हसत होते. आई चुलीपासून ओरडली, "काय झालं ओ?"

"चालीव की," अप्पा म्हणाले. "जीप येईस्तवर चालीव. घाटात दुसरा गेर टाक. दाबू नगं निस्तं."

मी दुसरा टाकला. ट्रक हलला, वर चढला. अप्पा मागं सरकले. डावीकडं घे, आता हॉर्न दे, पुढं वळण हाय, असं सांगत होते. घाट संपला, सपाट रस्ता लागला, दोन्ही बाजूंना कसलीतरी पिवळी फुलं. इंजिन एका लयीत आलं. पुढं दोन रस्ते फुटले. "अप्पा, कुठल्या रस्त्यानं जाऊ?" मी विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून मागं वळून बघितलं.

अप्पा भिंतीला टेकले होते. सगळी पाठ भिंतीला, डोकं मागं, तोंड उघडं. घोरत होते, अगदी मावशीच्या यजमानांसारखे.

मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि उभा केला, इंजिन चालूच ठेवून. बंद केलं असतं तर ते जागे झाले असते अशी मला भीती वाटली. आई काहीतरी विचारायला आली आणि दारातच थांबली. तिनं पदराला हात पुसले, मग उगाचच परत पुसले. नंतर चवड्यांवर चालत ती खिडकीपाशी गेली, राखण्यावरचं फुलपात्र अलगद उचललं आणि पदरात धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले, तिनं ते पुसले नाहीत.

बाहेरून गुंडाकाकूंचा आवाज आला. "सुलू, नेलं का गं त्ये मशीन परत?"

आई लगबगीनं ओट्यावर गेली. "हळू बोला. झोपलेत."

"कोन?"

"हे."

काकूंनी अंगणातल्या बाजेकडं बघितलं. बाज रिकामी होती. गोठ्याकडं बघितलं. "कुठं?"

"आत," आई म्हणाली.

काकूंनी चपला काढल्या. दारातून मान घालून त्यांनी बघितलं, तोंडावर हात ठेवला, आणि मागं सरून ओट्याच्या पायरीवर बसल्या. आत ट्रक घुरघुरत होता, त्यांना ऐकू येत होता. तेवढ्यात कोपऱ्यावर जीप आली आणि ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. काकू तशाच अनवाणी उठल्या आणि हात हलवत रस्त्यापर्यंत धावत गेल्या.

"वाजवू नगंस रं मुडद्या," त्या म्हणाल्या. "जा तू. मानूस झोपलंय घरात."